लिएजच्या बाकावर भाकरीची भूक

चार दिवस डॉर्टमुंड-एसेनकडच्या फॅक्टऱ्या फिरून परत येत होतो, पंपाच्या कंप्लेंट्स, रोज हॉटेलचा तोच नाश्ता, दुपारी थंडगार पाव आणि त्यात थंडगार चीज. जर्मन ऐकून ऐकून डोकं बधिर आणि ते खाऊन खाऊन जीभ पण. त्यात आखेनहून निघायलाच उशीर, मग बेल्जियममधल्या लिएजला पुढची गाडी चुकली आणि तासभर बाकावर बसलो.

आणि तिथं एकदम जोंधळ्याची भाकरी आठवली. नुसती नाही, वर शेंगाचटणी, त्यात बोटानं खड्डा करून ओतलेलं तेल, बाजूला एण्णेगाई (आमच्या घरी भरल्या वांग्याला हेच म्हणतात, मराठी घर असून सुद्धा) आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. स्टेशनबाहेर जाऊन फ्रिट घेतलं, म्हणजे इथलं दोनदा तळलेलं बटाट्याचं, चांगलंच असतं ते, पण भूक त्याची नव्हतीच ना.

खात खात फोन उघडला तर शाळेच्या ग्रुपवर जुनंच सुरू. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मित्रानं टाकलेलं, युरोपियन युनियनमध्ये बघा 24 सरकारी भाषा, कुणी भांडतंय काय, आम्हीच 1956 पासून बसलोय सीमा सीमा करत. खाली मला टॅग, तू सांग की रे, तिकडं राहतोस.

आता काय सांगू, बेळगाव सोडून आलो ते नेमका बेल्जियमला! मी ज्या लोव्हन गावात राहतो तिथलं विद्यापीठ 1968 मध्ये भाषेवरून फोडलं, फ्रेंचवाल्यांना बाहेर नवीन गाव वसवून दिलं आणि लायब्ररीची पुस्तकं वाटली कशी तर सम नंबर तुला, विषम मला. 2010-11 मध्ये भाषेच्या राजकारणात 541 दिवस सरकारच बनलं नाही. लिएजच्या बोर्डावर माझं गाव फ्रेंचमध्ये लुव्हँ आणि उतरलो की लोव्हन, बेळगाव-बेळगावीसारखंच. आणि 2024 मध्ये तर एक कंडक्टर फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्यांच्या हद्दीत फ्रेंचमध्ये 'बोंजूर' म्हणाला म्हणून प्रवाशानं रीतसर तक्रार केली. तक्रार केली, मारलं नाही. आपल्याकडं 2025 च्या फेब्रुवारीत कंडक्टरला मार बसला आणि दोन्हीकडच्या बस काही दिवस बंद पडल्या. कंडक्टरला मारून कुणाची मराठी वाढली ते मला अजून कळलेलं नाही.

पण म्हणून 'सोडा की आता' म्हणणाऱ्यांचं पण मला पटत नाही. ब्रसेल्सच्या कडेला सहा गावं आहेत, हद्द फ्लेमिश, पण फ्रेंच माणसानं मागितला तर सरकारी कागद फ्रेंचमध्ये मिळतो. दरवेळी नव्यानं मागायचा की कसं, त्यावरून पण कोर्टकचेऱ्या झाल्यात, तरी कायद्यात लिहिलंय आणि मिळतो. आपल्याकडं पण 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असले तर नोटिसा वगैरे त्यांच्या भाषेतही काढायच्या असं कधीच ठरलेलं आहे, आणि आमच्या बाबांना अजून शेताचा कन्नडमधला उतारा वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. महाराष्ट्राची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिचं काय व्हायचं ते होईल, पण बाबांना उतारा आत्ता वाचायचाय.

दुसरी गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही कारण माझीच लाज आहे. इथं आल्या आल्या मी डचच्या क्लासला गेलो, दोन वर्षं, ऑफिस सुटल्यावर, पावसात सायकल मारत. आणि बेळगावात पंचवीस वर्षं काढून माझं कन्नड 'ऊटा आयता?' (जेवण झालं काय?) च्या पुढं गेलं नाही. सक्ती केली म्हणूनच मुद्दाम शिकलो नाही असं आम्ही म्हणायचो, पण इथं सक्ती नव्हती काय? इथं पगार होता एवढंच.

घरी पोचलो साडेनऊला. बॅग तशीच टाकून डबा उघडला, मागच्या दिवाळीत आणलेलं पीठ. विरी गेलेली. गरम पाणी घातलं, मळून मळून हात दुखले, थापायला घेतली की कडा फाटतात, तव्यावर टाकताना दोन तुकडे. इंडक्शनवर फुगायचा प्रश्नच नाही. चटणीची पूड तेवढी डब्याच्या तळाला चमचाभर शिल्लक होती, ती तेलात कालवून ते तुकडे उभ्याउभ्याच खाल्ले. कांदा फोडला तो सिंकमध्ये उडाला.

सकाळी आईला फोन केला तर म्हणाली, अरे जुन्या पिठाची उकड काढायची असती, एवढं पण ठाऊक नाही होय तुला? जूनमध्ये गल्लीतलं कोणतरी इकडं येणार आहे, त्यांच्याबरोबर दोन किलो पीठ देते म्हणाली, आणि कुंदा.

कुंदा नको म्हटलं, चटणी दे.