द्राक्षं तुडवा, गाव सुधारा

गावाचा शाश्वत विकास करायचं तुमच्या मनात आलंय हे ऐकून फार बरं वाटलं. बहुतेकांच्या मनात हे कसारा घाटात येतं, म्हणजे शनिवारी पहाटे मुंबईतून निघालेला माणूस दहा वाजले तरी ट्रकच्या मागे उभाच असतो, बाजूला डोंगर, थोडं धुकं, आणि मग तो म्हणतो यार इकडच्या लोकांसाठी काहीतरी केलं पाहिजे. तर ते काहीतरी म्हणजे नाशिककडे एक वाइन रिसॉर्ट काढायचं, आणि कसं ते मी सांगतो. मी निफाडकडचा, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातला. बाग आमच्या आप्पांची, थोरले चुलते, आणि त्या बागेत माझं योगदान म्हणजे फेब्रुवारीत जाऊन खाणे. त्यामुळे शेतीवर सल्ला द्यायला मी पूर्ण पात्र आहे.

सुरुवात जमिनीपासून करा. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं ही एक बारीकशी अडचण आहे, पण घाबरू नका, आजोळी कुठेतरी एखादा सातबारा पडलेला असतोच, ज्या मामाच्या दहाव्यालाही तुम्हाला सुट्टी मिळाली नव्हती तो मामा आता मनाच्या फार जवळचा होता असं सांगायला लागा. जमीन बघताना माती बघत बसू नका, ते काम शेती करणाऱ्यांचं. तुम्ही व्ह्यू बघा. संध्याकाळी सूर्य गंगापूर धरणाच्या पाण्यात बरोबर कुठे बुडतो आणि तिथे डेक बांधता येतो का, बास. वेली काय, गेटपासून रिसेप्शनपर्यंत चार ओळी लावल्या तरी फोटोत एकरभर दिसतात, आणि वाइन दुसऱ्याकडून भरून आणून लेबल आपलं लावता येतं. हो, नावात मळा, वस्ती, वाडी असलं काही नको. एस्टेट म्हणा, व्हॅली म्हणा. मळा हा शब्द मेन्यूसाठी राखून ठेवा, तिथे त्याचे जास्त पैसे येतात.

आता थोडा इतिहास, कारण टूरवर कुणीतरी विचारतंच. नाशिकला द्राक्ष खूप आधीपासून आहे, पण ते खायचं, थॉमसन, सोनाका वगैरे. सुला या नाशिकच्या कंपनीची पहिली वाइन आली 2000 साली, 2001 मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले, आणि मग आमच्या भागात ज्याच्याकडे विहिरीला पाणी होतं तो प्रत्येक जण वाइनरीवाला व्हायला निघाला. लोकांनी चांगले चालणारे प्लॉट काढून कॅबर्ने, शिराझ असली वाइनची द्राक्षं लावली, ज्यांना नाव उच्चारता येत नव्हतं त्यांनीही लावली, आमच्याकडे एक जण चेनिन ब्लांकला शेवटपर्यंत चंदनब्लँक म्हणायचा. मग 2008 नंतर मंदी आली, हॉटेलं ओस पडली, टाक्यांमधली वाइन टाक्यांमध्येच राहिली, कितीतरी वाइनऱ्यांनी द्राक्षं उचललीच नाहीत किंवा उचलून पैसे थकवले, आणि वाइनची द्राक्षं अशी की बाजारात नेऊन विकताही येत नाहीत, मणी बारीक, आत बिया, साल जाड, पोरंसुद्धा थुंकतात. लोकांनी वेली उपटून परत थॉमसन लावला. यातून तुम्ही शिकायचं ते एवढंच की द्राक्ष पिकवणाऱ्याच्या बाजूला कधी उभं राहू नका, द्राक्ष बघायला येणाऱ्याच्या बाजूला राहा. पिकवणाऱ्याला व्यापारी चेक देतो आणि पळून जातो, बघणारा गेटवरच यूपीआय करतो.

आणि बघणाऱ्याला काय काय विकता येतं हे तुम्हाला अजून माहीत नाही. द्राक्षं तुडवणं घ्या. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात, आणि ती आजकाल यंत्रात दाबतात, पायाने सहसा कोणी तुडवत नाही. पण मोठ्या लाकडी टबात द्राक्षं टाकायची, वर डीजे लावायचा, आणि पाहुण्यांना अनवाणी आत सोडायचं, याचे पैसे घेता येतात हे कळलं त्या दिवशी आप्पा बराच वेळ गप्प होते. त्या रसाची वाइन करत नाहीत, त्यात इतक्या जणांचे पाय असतात की करूही नये, तो खतात जातो. आप्पांचा प्रश्न साधा होता. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडकडे गारपीट झाली तेव्हा त्यांची बाग अशीच तुडवली गेली होती, सकाळी मांडवाखाली चिखलात मणीच मणी, तलाठी आला, पंचनामा केला, फोटो काढला, आणि ते म्हणतात त्या फोटोचे पैसे मला का नाही पडले? मी त्यांना समजावलं की आप्पा, तुमच्याकडे संगीत नव्हतं.

म्हणून तुम्ही ही चूक करू नका. एक मात्र लक्षात ठेवा, पाहुण्यांना फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरात काढतात एवढं माहीत असतं, ते गणपती झाले की फोन करतात, हार्वेस्ट चालू आहे का. आपल्याकडे तेव्हा बागेत काही नसतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि माल येतो जानेवारी ते मार्च. छाटणीच्या काळात बाग म्हणजे नुसत्या काड्या आणि तारा. तरी बुकिंग घ्या. त्याला ‘स्लो सीझन, वेलीची ध्यानधारणा’ असलं काहीतरी नाव द्या आणि रेट वीस टक्क्यांनी वाढवा.

जेवणाचं आता. इथे विकास खरा होतो. पाहुण्याला चुलीवरचंच लागतं. मिसळ चुलीवरची, भाकरी चुलीवरची, मटण तर चुलीवरचंच, मला एका ठिकाणी चुलीवरची कॉफी दिली होती. आता गंमत बघा, 2016 मध्ये उज्ज्वला गॅस योजना आली, घरोघरी सिलेंडर आले, टीव्हीवर जाहिराती की माऊलीला धुरातून सोडवा. सोडवलं. मग सिलेंडर भरायला परवडेना म्हणून कितीतरी जणी आपल्याआपणच परत चुलीकडे गेल्या, आणि ज्या राहिल्या होत्या त्यांना आता तुमच्यासारखे उद्योजक दिवसाच्या मजुरीवर चुलीपुढे आणून बसवतात, नऊवारी नेसवून, कारण घरी त्या गाऊन नाहीतर पाचवारी घालतात आणि ते फोटोत ऑथेंटिक दिसत नाही. आमच्या शेजारच्या ताई अशा एका ठिकाणी जातात. दिवसभर धूर खातात, संध्याकाळी घरी येऊन गॅसवर मॅगी करतात. याला महिला सक्षमीकरण म्हणतात, माहितीपत्रकात पान तीनवर टाका, डोळे चोळतानाचा फोटो नको.

हुरड्याचंही तसंच, डिसेंबर-जानेवारीत ठेवा, पण ज्वारी स्वतः लावायच्या भानगडीत पडू नका, पाखरं राखायला माणूस मिळत नाही, कणसं नगरकडून मागवा. बैलगाडीसाठी बैल भाड्याने आणा, आमच्या अख्ख्या गल्लीत बैल उरलेला नाही, पण पाहुण्यांच्या पोरांना ट्रॅक्टरवर बसवलं तर ते म्हणतात हे गाव नाहीये. आणि मेन्यूवर कॅरमलाइज्ड ओनियन टार्ट जरूर ठेवा. कांद्याचं लासलगाव इथून फार लांब नाही, तिथे भाव पडला की लोक कांदा रस्त्यावर ओततात, तोच कांदा बटरमध्ये परतून ताटलीत तीन चकत्या ठेवल्या की साडेचारशे रुपये. मूल्यवर्धन मूल्यवर्धन म्हणतात ते हेच.

स्थानिक रोजगाराचा एक कॉलम अनुदानाच्या फॉर्मवर असतो, तो भरायला सोपा आहे. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या पिकअपमध्ये उभ्याने येतात, छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग सगळं तेच करतात, पूर्ण नाशिकची द्राक्षं त्यांच्या हातून जातात. त्यांच्याकडे पावसाळ्यात इतका पाऊस की छत्री टिकत नाही आणि एप्रिल आला की बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. तुम्ही स्विमिंग पूल बांधाल तेव्हा तो इन्फिनिटी पूल बांधा, कडेचं पाणी थेट धरणात मिसळल्यासारखं दिसतं. खोलीत पाटी लावा, ‘टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा.’ पाटी बांबूची असेल तर तुम्ही सस्टेनेबल.

राजकारणाची काळजी नको, वाइन ही तिथे कायम शेतकऱ्याच्या नावावर असते. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळानं ठरवलं की मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटात वाइन विकू द्यायची, शेतकऱ्याच्या भल्यासाठी. लगेच विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय म्हणून ओरड केली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, महिनाभर चॅनलवर वाइन म्हणजे दारू की दारू म्हणजे वाइन यावर माणसं भांडली. आप्पा वारकरी, माळ घातलेले, ते रोज संध्याकाळी ही चर्चा बघायचे आणि त्या सबंध महिन्यात शेतकरी हा शब्द किती वेळा आला ते मोजायचे, कारण त्याच महिन्यात त्यांच्या मालाला व्यापारी काय भाव देतोय हे एकाही चॅनलनं विचारलं नव्हतं. दोन्हीकडचे लोक त्यांच्याच बाजूचे होते म्हणे.

आप्पांना मी एकदा वाइन टेस्टिंगला नेलं होतं. पिणार नाही, नुसता बसतो म्हणाले. समोरचा मुलगा छान शिकलेला, ग्लास फिरवून सांगत होता की सॉव्हिन्यों ब्लांकमध्ये तुम्हाला पेरू जाणवेल, कापलेलं गवत जाणवेल, आणि हिरवी ढोबळी मिरची. आप्पा एकदम सरसावून बसले. म्हणाले ढोबळीला परवा कॅरेटमागे तोडणीची मजुरी पण सुटली नाही, यांनी कुठून घेतली? मुलगा म्हणाला, आजोबा, त्यात मिरची नसते, नुसता भास असतो. त्या ढोबळीचे पैसे भासापेक्षा कमी आले हे त्यांनी घरी येऊन काकूला दोनदा सांगितलं.

शेवटचं, बोनफायर. हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे तीन-चारला उठून बागेत ओळीओळीनं शेकोट्या पेटवायच्या, धूर धरून ठेवायचा, ठिबकनं पाणी सोडायचं, तेही लाइट असेल तर. आप्पा आणि मी काड्या, पालापाचोळा, जुनी पोती असं जमवून पेटवत होतो. शेजारी नवीन झालेल्या रिसॉर्टमधून सहा जण ब्लँकेटं गुंडाळून बांध ओलांडून आले, एकाच्या हातात गिटार. त्यांना वाटलं हे पॅकेजमध्ये आहे. आप्पांनी नाही म्हणायचं कुठे, त्यांना बसायला पोतं दिलं, ते जाळायचं होतं. दोन तास मस्त गाणी झाली. जाताना एका मॅडमनी विचारलं की अंकल, हे रोज करता का, आणि आप्पा म्हणाले, नाही, बाग मरायला लागली तरच.

तिकडे रिसॉर्टला पाच स्टार पडले, बोनफायरसाठी. तेव्हा हवामान खात्याचा थंडीच्या लाटेचा मेसेज आला की तुम्ही आधी रेट बदला, मग झोपा, आणि गिटारवाल्याला सांगून ठेवा की येताना थोडं सरपण घेऊन ये.