गळ्याशी आलेली दाढी

दाढीसारखी गोष्ट माणसाने फार मनावर घेऊ नये, असं म्हणणाऱ्यांची कातडी जाड असते. हे मी शब्दशः म्हणतोय. माझी तशी नाही. माझी कातडी मानापमानाचा हिशेब ठेवणाऱ्या लांबच्या आत्याबाईंसारखी आहे. काय खटकलं ते त्या वेळी सांगणार नाही. तासाभराने लाल होऊन बसणार आणि मग दोन दिवस धुसफुसत राहणार. साबणाचा वास बदलला, राग. टॉवेल जरा खरखरीत निघाला, राग. आणि दाढी म्हणजे तर रोज सकाळी धारदार पोलाद घेऊन तिच्या अंगावर चालून जाणं. दाढी वाढवूनही पाहिली. पण ती गालांवर बेटाबेटांनी उगवते आणि मधल्या समुद्रात खाज सुटते.

आमच्या पिढीला दाढीचं शिक्षण जाहिरातींनी दिलं. त्यातल्या माणसाचे गाल दाढी करायच्या आधीच गुळगुळीत असतात, हे ध्यानात यायला फार वर्षं लागतात. तोवर पात्यांची संख्या वाढत गेलेली असते. 1971 मध्ये दोन पात्यांचा रेझर आला, 1998 मध्ये तीन, 2006 मध्ये पाच. ह्यामागचं तंत्र असं, की पहिलं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत पुढचं पातं त्याला उडवतं. कापलेला केस मग कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतो. हात फिरवला की गाल लोण्यासारखा म्हणावा. जाहिरात इथपर्यंतच असते. पुढे तो केस पुन्हा वाढायला लागतो, त्यातून थोडा कुरळा असला तर बाहेरची वाट चुकतो, आतल्या आत वळतो, आणि कातडी त्याला परका समजून सुजते. मग पुळी. मग एखादं केसतोड. मग शर्टाचं वरचं बटण लावणं ही एक स्वतंत्र शिक्षा. शिवाय पाच पाती म्हणजे एका हातात पाचदा खरवडणं, हा साधा गुणाकार कुणी करून दाखवत नाही.

प्रकरण खरोखरच गळ्याशी आलं तेव्हा एका मित्राने लक्ष घातलं. हा मित्र दाढीच्या बाबतीत भक्तिमार्गी आहे. “ते प्लास्टिक फेकून दे,” तो म्हणाला. “एका पात्याचा सेफ्टी रेझर, ब्रश, साबण. बस्स. आपल्या आजोबांची पद्धत.” आजोबांच्या गळ्यावर पुळ्या होत्या की नव्हत्या हे मला आठवेना. बहुधा त्यांची कातडी जाड असावी.

ह्या रेझरचा वंश मोठा आहे. फेकून देता येईल असं पातळ, दोन बाजूंनी धार असलेलं पातं ही अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेट ह्यांची कल्पना. 1903 साली विक्री सुरू झाली, आणि त्या वर्षी एकूण 51 रेझर आणि 168 पाती खपली. म्हणजे माणशी तीन पाती आणि वर थोडंसं. ह्याचा अर्थ त्या 51 जणांनी एकेक पातं फार पुरवून वापरलं असेल, किंवा पहिल्याच आठवड्यात त्यातल्या बऱ्याच जणांनी दाढी राखायचं ठरवलं असेल. सुरुवातीचे दिवस अनुभवल्यावर मला दुसरी शक्यता जास्त पटते.

रेझर निवडताना कळलं की त्यांनाही स्वभाव असतात. पातं आणि खालची पट्टी ह्यांच्यात फट कमी आणि पातं जेमतेम बाहेर डोकावणारं, तो सौम्य. फट मोठी, पातं पुढे सरसावलेलं, तो आक्रमक. मी सौम्य घेतला. घरात एक जण तरी सौम्य असावा.

ब्रशच्या बाबतीत मात्र मित्र आवरेना. बॅजर नावाचा प्राणी मी जन्मात पाहिलेला नाही, पण त्याच्या कुठल्या भागावरचे केस किती पाणी धरतात ह्यावर मला व्याख्यान ऐकावं लागलं. मग डुकराचे राठ केस, जे वापरून वापरून मऊ होतात. “किती वापरून?” मी विचारलं. “काही महिने.” ते महिने माझ्या गालांवर काढायची माझी तयारी नव्हती. मी कृत्रिम धाग्यांचा घेतला. तो पहिल्या दिवसापासून मऊ असतो आणि लवकर वाळतो. मित्राने निराशेने मान हलवली.

आता पाणी. दाढीच्या केसाला कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरू दिलं की तो पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर बराच कमी लागतो. म्हणून आधी आंघोळ, मग दाढी. आणि आंघोळ आधीच झालेली असेल तर ओला कोमट टॉवेल चेहऱ्यावर ठेवून स्वस्थ उभं राहायचं. स्वस्थ उभं राहणं ही क्रिया बाथरूमच्या बाहेर रांगेत असलेल्यांना समजावून सांगता येत नाही.

“अरे, दाढी करतोयस की उगवायची वाट बघतोयस?” बायकोने दारावर टकटक करून विचारलं.

टॉवेलातून उत्तर देता येत नाही, हा त्यातला फायदा.

त्यानंतर फेस. इथे तोंडाला फेस येण्यावरचा विनोद वाचकांनी आपापला करून घ्यावा, मला तेवढी सवड नव्हती. डब्यातून फुसकन येणाऱ्या फेसावर वाढलेल्या माणसाला वाटतं, ब्रश साबणावर फिरवला की झालं. मी फिरवला. मोठमोठे बुडबुडे आले, गालावर टेकले आणि बसले. मित्राने फोटो मागितला. फेसाचा. मी वाडग्याचा फोटो काढून पाठवला. “पाणी जास्त,” उत्तर आलं. पुन्हा केला, पुन्हा पाठवला. “पाणी कमी. चमक कुठाय?” दाढीच्या साबणात पोटॅशियमचे क्षार आणि स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. त्यामुळे त्याचा फेस दाट होतो, टिकतो आणि पाणी केसाला धरून ठेवतो. पण पाणी जड असलं तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला आपल्या बाजूला ओढून घेतं आणि फेसाऐवजी नुसता चोथा उरतो. ब्रश आधी भिजवायचा, झटकायचा, साबणावर फिरवत राहायचा आणि मग वाडग्यात थेंबाथेंबाने पाणी वाढवायचं. झाल्याची खूण अशी: एकही बुडबुडा डोळ्यांना दिसू नये, वरून तुकतुकी यावी, आणि ब्रश उभा धरला तर टोकावरचा फेस वाकावा पण पडू नये. माझा पहिल्यांदा वाकला आणि पडला नाही, तेव्हा मी बायकोला बोलावून दाखवला. तिने फेसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता घड्याळाकडे पाहिलं.

हा फेस लावतानाही नाजूक कातडीला नियम वेगळे. ब्रश गोल गोल घासला की तिला ती घासणी वाटते. म्हणून भिंतीला रंग द्यावा तसे वरखाली हलके फटकारे मारायचे. साबण बिनवासाचा. चंदन, गुलाब, पुदिन्याचा थंडावा वगैरे मोहांपासून लांब राहायचं, आणि कुठलीही नवी वस्तू तोंडाला लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहायची.

एवढं सगळं झाल्यावर कुठे रेझर हातात येतो. पात्याचा गालाशी कोन सुमारे 30 अंश हवा. कोनमापक घेऊन आरशासमोर उभं राहता येत नाही, तेव्हा युक्ती अशी की दांडा गालाला काटकोनात धरायचा आणि पातं नेमकं टेकेपर्यंत हळूहळू खाली आणायचा. जोर अजिबात लावायचा नाही, रेझरचं डोकं जड असतं, त्याच्या वजनाने काम होतं. आता जे कापलं जात नाही ते दाबून कापायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. त्यावर मित्राचा इलाज: दांडा मुठीत धरायचाच नाही. शेपटाकडे तीन बोटांत धरायचा, म्हणजे मनात आलं तरी दाबता येत नाही. आणि लांब हात मारायचा नाही, बोटभर, तेवढाच. दर एक-दोन हातांनी पातं पाण्यात खळबळवायचं.

“आणि आवाज ऐक,” तो म्हणाला. “कोन बरोबर असला की खुंट कापल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो थांबला की कोन चुकला.”

मी नळ बंद केला. पंखा बंद केला. श्वास रोखला.

“आत आहेस ना?” बाहेरून आवाज.

“ऐकतोय.”

“काय?”

“दाढी.”

त्यानंतर बराच वेळ बाहेरून काही विचारणा झाली नाही.

आवाज येतो, हे मात्र खरं. गालावर स्वच्छ येतो, हनुवटीवर जाडसर. हनुवटीच्या खुंटांबद्दल तर मला अलीकडे आदरच वाटू लागलाय. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असलेला केस पात्याच्या धारेचे टवके काढतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे आरशासमोर लढाई एकतर्फी चालत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर पातं बदला म्हणते. नाजूक कातडीवाल्याने त्याहून आधी बदलावं. कुठल्या कंपनीचं पातं चांगलं, ह्यावर मित्रमंडळींत हमरीतुमरी होते. मला त्यात पडायचं नाही. जे आपल्या गळ्याला चालतं ते चांगलं.

गळा! खरं महाभारत तिथे. गालांवरचे केस शहाण्यासारखे वरून खाली वाढतात. गळ्यावर मात्र ज्याला जिकडे सुचेल तिकडे तो गेलेला असतो. सुलट्या हाताने दाढी करायची म्हणजे केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने पातं न्यायचं, पण दिशा कळायला हवी ना. त्यासाठी दोन दिवसांची वाढ ठेवायची आणि कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा. सुलट जातोय तोवर बोळा सुळकन घसरतो, उलट गेला की त्याचे तंतू खुंटांत अडकतात. मी चेहऱ्याची बाह्यरेखा कागदावर काढली, बोळा फिरवत गेलो आणि बाण काढत गेलो. जबड्याखाली डावीकडे बाण खाली जात होते. उजवीकडे ते आडवे, कानाच्या दिशेने. कंठमण्याच्या बाजूला एक भोवरा. त्याच्या खाली, कॉलर बसते तिथे, सगळे बाण वरच्या दिशेने. म्हणजे इतकी वर्षं मी जिथे खालच्या दिशेने पातं ओढत होतो, तिथे रोज उलटी दाढी होत होती, आणि पुळ्याही नेमक्या तिथेच उठत होत्या. कागद टेबलावर राहिला होता. मुलीने उचलला.

“बाबा, हे कुठल्या खंडावरचे वारे?”

मी सांगितलं. तिने तो आदराने परत ठेवला.

कंठमणी हे प्रकरण वेगळंच. त्याच्यावरून थेट पातं नेलं तर तो उंचवटा दाखल्यासाठी रक्त देतो. मग एक तर कातडी बाजूला ओढून तिला सपाट जागी आणायची, नाहीतर आवंढा गिळायचा आणि कंठमणी वर गेला की तेवढ्यात काम उरकायचं. मी दुसरा मार्ग घेतो. दाढी करताना सारखे आवंढे गिळणारा माणूस आरशात दिसतो, त्याच्याकडे मी फारसं बघत नाही.

भक्तमंडळी दाढीचे तीन फेरे घेतात: सुलटा, आडवा, उलटा. प्रत्येक फेऱ्याआधी नव्याने फेस. बिनपाण्याची कुणाचीच करू नये, निदान स्वतःची तरी. माझ्या कातडीने वाटाघाटींनंतर गालांवर सुलटा आणि आडवा मंजूर केला. गळ्यावर फक्त सुलटा. उलट्याचा विषयही काढायचा नाही. त्यामुळे गळ्यावर थोडे खुंट राहतात, हात फिरवला तर जाणवतात. सुरुवातीला हात आपोआप तिथे जायचा, ‘एवढंच घेऊन टाकू’ म्हणून. नाजूक कातडीचं वाटोळं ह्या ‘एवढंच’ने केलंय. आता दाढी संपली की मी रेझर धुऊन झटकून जागेवर ठेवतो, मग चेहरा बघतो. आधी बघायचं नाही.

शेवटी थंड पाणी आणि टॉवेलने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. तुरटीचा खडा ओला करून फिरवला की कुठे किती जोर लागला ते लगेच कळतं. जिथे झोंबली तिथे तुम्ही दाबलं होतं. मी ती मिनिटभराने धुऊन टाकतो आणि बिनवासाचं मलम लावतो. मित्र तळहातावर स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह ओतून दोन्ही गालांवर चापट्या मारतो आणि हुश्श करतो. त्याचं त्याला लखलाभ.

गळा आता शांत आहे. कॉलरचं बटण लागतं. परवा ऑफिसात शेजारचा सहकारी माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, “काय रे, बरं नाही का? आज दाढी नाही केलीस?”

“पाऊण तास केली.”

“मग गळ्यावर राहिली की!”

“राहू दिलीय.”

त्याचे गाल चकचकीत होते. तो हसायला मागे रेलला, तेव्हा त्याच्या कॉलरच्या जरा वर मला दोन लाल पुळ्या दिसल्या, आणि एक नुकतीच उठू लागलेली. मी खुर्ची पुढे ओढली.

“बरं, तू किती पात्यांचा वापरतोस?”