दोन डीआरएम डॉट एच आणि मधे मी

शनिवार गेला. एका आकड्यापायी गेला. झीरो एक्स 15. बस, एवढाच आकडा. कर्नलवाल्यांनी, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांनी, त्याचं बारसं केलंय ‘डीआरएम-कॅप-ॲटॉमिक-असिंक-पेज-फ्लिप’ असं (डीआरएम म्हणजे कर्नलचा ग्राफिक्स सांभाळणारा भाग; स्क्रीनच्या ठोक्याची वाट न बघता चित्र बदलता येतं का, हे त्याला या आकड्याने विचारायचं), आणि कोडचा प्रोग्रॅम करून देणारा माझा कंपायलर म्हणतो, अनडिक्लेअर्ड. म्हणजे या नावाचं इथे कोणी राहत नाही. अरे, राहत नाही कसं? कर्नल 6.8 पासून राहतंय! आणि माझ्या मशीनवर 6.8 च चालू आहे, कर्नलचा नंबर सांगणारी यूनेम कमांड मारून तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा तर एंटर इतक्या जोरात मारला की आईने आतून विचारलं, काय पडलं रे?

पडलं काय, तर कर्नल 6.8 आणि हेडर, म्हणजे असली नावं-आकडे कंपायलरला सांगणाऱ्या फाइली, 5.15 च्या. वर फेटा, खाली लंगोटी. डिस्ट्रोचं, म्हणजे मी वापरतो त्या लिनक्सच्या संचाचं, नाव घेत नाही, 2022 ची एलटीएस, लांब पल्ल्याची आवृत्ती, म्हटलं की शहाण्यांना कळेल. कर्नल अपडेट करून देतात, स्वतःहून देतात, पण हेडरांचं लिनक्स-लिबसी-डेव्ह पॅकेज जिथे होतं तिथेच. कारणं असतील, स्थिरता वगैरे. मला शनिवारी दुपारी कारणं नको असतात.

बरं, म्हटलं आपणच आणू. कर्नलच्या सगळ्या कोडचा गठ्ठा, टारबॉल, शंभर एमबीच्या वर. एका ओळीसाठी. यूएपीआय (कर्नलने बाहेरच्या प्रोग्रॅमांशी बोलायचे करार) फोल्डरमधून फाइल सरळ उचलून कॉपी करणाऱ्यांतला मी नाही. त्यात कर्नलच्या आतली लेबलं चिकटलेली असतात, ती काढायला ‘मेक हेडर्स-इन्स्टॉल’ असतं. मारलं. मेलं. का? तर फाइली कॉपी करणारं आरसिंक नाही. चार हेडर इकडून तिकडे ठेवायला आरसिंक लागतं! तेही घातलं. नवीकोरी हेडरं यूएसआर-इन्क्लूड-डीआरएममध्ये जाऊन बसली. ग्रेप करून शोधलं, झीरो एक्स 15 समोर दिसतोय. कंपाइल केलं.

अनडिक्लेअर्ड.

फाइल उघडली तर ओळ आहे, कंपायलर म्हणतो नाही. मी मोठ्याने म्हणालो, “तुला डोळे आहेत का?” आई म्हणाली, “कोणाशी बोलतोयस? उसळ गार होतेय.”

तर ऐका. डीआरएम डॉट एच नावाची फाइल मशीनवर एक नाही, दोन आहेत. एक कर्नलच्या हेडरांची, यूएसआर-इन्क्लूड-डीआरएममध्ये. दुसरी लिबडीआरएमची, म्हणजे डीआरएमशी बोलायच्या लायब्ररीची, यूएसआर-इन्क्लूड-लिबडीआरएममध्ये. ती पहिलीचीच नक्कल, कोणीतरी कधीतरी कर्नलमधून आणून ठेवलेली. आणि दोघींच्या कपाळावर एकच टिकली: अंडरस्कोर-डीआरएम-अंडरस्कोर-एच-अंडरस्कोर. तोच इन्क्लूड गार्ड, म्हणजे एकच फाइल दोनदा आत येऊ नये म्हणून लावलेली खूण, अक्षरन् अक्षर तोच. म्हणजे जी आधी घरात शिरली ती घरची, आणि दुसरी दारात आली की कंपायलर तिला न बोलता परत पाठवतो. वॉर्निंग नाही, काही नाही. लिबडीआरएमचंच एक्सएफ86डीआरएम डॉट एच आत ओढलं की त्याच्या पदराला धरून लिबडीआरएमची म्हातारी आधी आत येते. त्यानंतर मी माझी नवी, शंभर एमबी खर्चून आणलेली सून दारात उभी करतो, आणि ही आतून कडी लावते.

पण माझ्या फाइलमध्ये तर नवी डीआरएम डॉट एच मी आधीच लिहिली होती! सिस्टिमच्या हेडरांत पहिली. मग म्हातारी आली कुठून? तर आमच्या स्वतःच्या डिस्प्ले डॉट एचमधून. ते एक्सएफ86 आत ओढतं, आणि ते असतं सगळ्यात वरच्या ओळीवर. ते वर का असतं? कारण टीममध्ये नियम आहे: स्वतःचं हेडर पहिलं, मग बाकीची. हा नियम कोणी केला?

मी केला. नुसता केला नाही, गेली तीन वर्षं रिव्ह्यूमध्ये पोरांच्या मानगुटीवर बसून पाळायला लावलाय. मागच्याच महिन्यात एका नव्या मुलीला यावर परिच्छेदभर ज्ञान दिलं होतं. ती नम्रपणे “ओके सर” म्हणाली होती. ते “ओके सर” आज दुपारी मला ऐकू आलं.

असो. राग काही उतरलेला नाही, उलट जुनी उधारीही आठवली. सिंकऑब्जेक्ट (ग्राफिक्सची कामं एकमेकांसाठी थांबवायची खूण) डिस्ट्रॉय करायला कर्नलला पाठवायच्या स्ट्रक्टमध्ये दोन फील्ड: हँडल आणि पॅड. पॅड म्हणजे भरताड, त्याला कोणी विचारत नाही असं वाटतं ना? कर्नल विचारतो. शून्य नसलं की आयन्व्हॅल एरर. मी स्ट्रक्ट मेमसेटने शून्य न करता पाठवलं होतं. दोन दिवस. आणि आयन्व्हॅल म्हणजे काय, तर ‘काहीतरी चुकलं’. काय चुकलं, कुठल्या फील्डमध्ये, ते तुम्ही ओळखायचं. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखं, वही फेकायची आणि म्हणायचं शोध.

नावाचं तर काय सांगू. डीआरएम म्हणजे डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, पण गाणी-पिक्चरांच्या कॉपीवरच्या कुलपालाही डीआरएमच म्हणतात. ऑफिसात सिक्युरिटीवाल्या बाईंनी बोलावून विचारलं होतं, तुम्ही डीआरएमशी छेडछाड करताय म्हणे, लीगलला माहीत आहे का? त्यांना वाटलं मी पिक्चर चोरतोय.

आणि नवीन काही घालायचं असेल तर प्रक्रिया माहीतच आहे. कर्नलवाले म्हणतात, हे वापरणारा ओपन सोर्स प्रोग्रॅम आधी तयार दाखवा. प्रोग्रॅमवाले म्हणतात, कर्नलमध्ये आधी जाऊ द्या, मग घेतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. हो हो, त्याचा नीट क्रम लिहून ठेवलाय, मी वाचलाय, योग्यच आहे. नको असलेला यूएपीआय एकदा आत गेला की जन्मभर सांभाळावा लागतो. पण मला चिडू द्या ना.

तर शेवट. इन्क्लूडचा क्रम बदलला, माझ्या मशीनवर बिल्ड झालं. बिल्ड सर्व्हरवर नाही, कारण तिथे माझी नवी सून नाहीच. मेसा या ग्राफिक्स लायब्ररीसारखी हेडरांची स्वतःची प्रत रेपोत ठेवायची, तर मशीनवर डीआरएम डॉट एच तीन होणार. मग उरतं ते एकच, ज्याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. हॅश-इफ-एनडेफ, डिफाइन, झीरो एक्स 15, एंडिफ, म्हणजे नाव सापडलं नाही तर आकडा आपणच देऊन टाकायचा. तीन ओळी. दुसऱ्याच्या कोडमध्ये असल्या ओळी दिसल्या की मी “हे काय आहे?” एवढंच लिहितो, प्रश्नचिन्ह तीन. आज स्वतः लिहिल्या. वर कॉमेंट टाकली: तात्पुरतं.

झालं, बिल्ड हिरवं. टेस्ट मशीनवर चालवलं, कर्नलला विचारलं, बाबा, ही कॅपॅबिलिटी आहे का तुझ्याकडे? या वेळी आयन्व्हॅलसुद्धा नाही, अगदी सभ्य उत्तर आलं. शून्य. त्या मशीनवरच्या ड्रायव्हरला असिंक फ्लिप येतच नाही.

आई विचारत होती झालं का. म्हटलं, झालं, वाढ.