संकाराची रेनॉ सांगता, तर त्याने काढलेले शिक्षकही सांगा

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा नेता थॉमस संकारा, त्याचे रील्स हल्ली सारखे समोर येतात आणि खाली ठरलेली कॉमेंट असते, ‘आपल्यालाही असाच नेता पाहिजे!’ मला हा माणूस मनापासून आवडतो, म्हणून लिहितेय.

4 ऑगस्ट 1983 ला त्याचा जिवलग मित्र ब्लेझ कॉम्पाओरे पो गावाहून कमांडो घेऊन राजधानीत घुसला आणि 33 वर्षांचा कॅप्टन संकारा अप्पर व्होल्टाचा राष्ट्रप्रमुख झाला. वर्षभरात देशाचं नाव बुर्किना फासो झालं. सरकारी मर्सिडीज विकल्या, मंत्री छोट्याशा रेनॉ 5 मधून फिरायला लागले. सरकारी नोकरांच्या अंगावर देशी कापसाचं, मागावर विणलेलं ‘फासो दान फानी’ आलं. काही आठवड्यांत सुमारे 25 लाख मुलांना गोवर, पीतज्वर आणि मेंदूज्वराच्या लशी टोचल्या. एके दिवशी तर पुरुषांनीच बाजारहाट करायचा असं फर्मान निघालं! यातलं काहीही खोटं नाही.

पण 1984 मध्ये शिक्षक संपावर गेले, तेव्हा त्याने हजाराहून जास्त शिक्षकांना घरी बसवलं. जिथे बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अशा देशात. त्यांच्या जागी घाईघाईने भरती झाली आणि नुकसान झालं ते पोरांचं. त्याच वर्षी कटाच्या आरोपावरून 7 जणांना गोळ्या घातल्या. राजकीय पक्षांवर बंदी होती, युनियनचे पुढारी तुरुंगात होते. हे मी त्याला माफ करू शकत नाही. चुकतोयस असं तोंडावर सांगणारं कुणी त्याने उरू दिलं नाही. शेवटी उरली ती लष्कराची बराक, आणि तिथे कॉम्पाओरे होता.

जुलै 1987 मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकी देशांच्या परिषदेत तो म्हणाला होता, कर्ज फेडायला एकट्या बुर्किना फासोने नकार दिला तर पुढच्या परिषदेला मी नसेन. 15 ऑक्टोबरला बैठक चालू असताना सैनिकांनी त्याला मारलं, सोबत आणखी 12 जणांना. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं ‘नैसर्गिक मृत्यू’.

कॉम्पाओरेने पुढे 27 वर्षं राज्य केलं. संकाराची बायको मरियम 1997 पासून कोर्टात झगडत राहिली. एप्रिल 2022 मध्ये संकाराच्या खुनात सामील असल्याबद्दल कॉम्पाओरेला जन्मठेप झाली. तो मात्र 2014 मध्येच आयव्हरी कोस्टला पळाला होता. त्या देशाने त्याला नागरिकत्व दिलं, आणि खटल्याला तो एकदाही उभा राहिला नाही.