वर पोरगा बसवला म्हणजे माल बांधला असं होत नाही

आज सकाळी माझ्यापुढे एक जीप चालली होती. मागे छोटा ट्रेलर, ट्रेलरवर कपाट, कपाटावर पलंगाच्या फळ्या, फळ्यांवर गादी आणि गादीवर पालथा पडलेला चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा. दोन्ही हातांनी गादी कवटाळून. म्हणजे दोरीचं काम पोराकडे दिलेलं. मला बघून त्याने हसून हात हलवला. त्यासाठी एक हात सोडला, आणि इकडे माझ्या पोटात गोळा आला.

हॉर्न दिला, दिवे मारले. शेवटी शेजारी जाऊन काच खाली करून ओरडलो, "अहो, पोराला खाली घ्या!"

उत्तर आलं, "तुमचं काय जातंय?"

दिवसभर हेच डोक्यात बसलंय. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, घाई असेल त्यांनी खुशाल पुढे जा.

माझं काय जातंय? भल्या माणसा, तुझ्या मागे मी होतो! तुझी फळी निसटली तर ती तुझ्या काचेवर येणार नाही, माझ्या येईल. बरं, पोरगा धरून धरून काय धरणार? जोरात ब्रेक लागला की माल त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे जाईल आणि वळणावर ५० टक्के जोराने बाजूला, असं धरूनच बऱ्याच देशांत बांधणीचे नियम केलेत. १०० किलोचं कपाट घ्या आणि करा हिशोब. त्या पोरालाच कोणीतरी धरायला हवं होतं.

मी एवढा का चिडतो, ते जुन्या मित्रांना माहीत आहे. ती तारेची गोष्ट. बाकीच्यांसाठी सांगतो.

मी २३ वर्षांचा होतो. घर हलवायचं होतं, काकांचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला पिनेने जोडतात, पण ती पिन वर निसटू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात अडकवायची क्लिप सापडेना. अर्धा तास शोधली. मग मी बांधकामाची तार घेतली, भोकातून दोन वेढे काढले, पकडीने पीळ दिला. काका म्हणाले, "क्लिप आणू या रे." मी म्हणालो, "एवढ्याला काय होतंय?"

एवढ्याला काय होतंय आणि तुमचं काय जातंय, ही सख्खी भावंडं आहेत.

शिवाय भरताना जड सगळं मागे गेलं, कारण फाळक्याजवळून चढवायला सोपं. काका तेव्हाही म्हणाले, "गाडी उलार झालीये." बैलगाडीच्या काळातला शब्द. मागे जड ती उलार, पुढे जड ती धुरजड. आज ट्रेलरच्या पुस्तकात पानंच्या पानं भरून जे लिहितात ते आपल्याकडे या दोन शब्दांत होतं, आणि आपण ते शब्दही विसरलो. गाडीमागे जोडायच्या साध्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो. त्याहून कमी आला, म्हणजे गाडी उलार झाली, की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ती शेपटी मग पुढच्या गाडीलाच हलवते. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नका, वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ती शांत होईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. धुरजडही वाईटच. ओढणाऱ्या गाडीचं नाक वर उचललं जातं, पुढची चाकं हलकी पडतात, रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

आजचा ट्रेलरही शेपटी हलवत होता. थोडीशीच, पण मला ती ओळखू येते.

तर ती तार. चढावर एक खड्डा आला. मी मडगार्डवर बसलो होतो (हो, तेही चूकच, माहितीये). आधी 'टण्ण' असा आवाज झाला आणि मग ट्रॅक्टर एकदम हलका होऊन पुढे उसळला. उलार ट्रॉलीने दांडी वर उचलली होती, तार तुटली होती, पिन उडाली होती. ट्रॉली मागे घरंगळायला लागली. आणि सुरक्षेची साखळी? होती ना! ट्रॉलीतच होती, भांड्यांच्या पोत्याखाली.

साखळ्या दोन लागतात, आणि त्या हुकाखाली फुलीसारख्या आडव्या जोडायच्या. दांडी सुटलीच तर रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. एवढंच. याला पदवी लागत नाही.

बांधायच्या पट्ट्यांचंही तेच. लोक मालावरून पट्टा टाकतात, पण बाजूंना इतका तिरपा की जवळजवळ आडवाच. पट्टा तळाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर तुम्ही लावलेल्या ताणातला निम्माच माल खाली दाबायला उरतो. निम्मा! बाकीचा नुसता आडवा ओढत बसतो. नायलॉनची दोरी भाराखाली ताणते, सायकलच्या कॅरिअरचे रबरी हूक तर विचारूच नका. आणि निघताना कितीही घट्ट आवळलं तरी पहिल्या काही किलोमीटरमध्ये माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. थांबायचं, उतरायचं, हात लावून बघायचं. दोन मिनिटं. चहाला आपण वीस मिनिटं थांबतो.

बाहेर आलेल्या सळयांबद्दल तर मी लिहितच नाही. त्या विषयावर लिहायला बसलो की शिव्याच येतात.

मान्य, दुसरी खेप प्रत्येकाला परवडत नाही. मान्य, काही जण आयुष्यभर असंच नेतात आणि त्यांना काही होत नाही. ठीक आहे. पुढे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय खरा. तो जीपवाला पहाटेपासून सामान उचलत असणार, कंबर मोडली असणार. आणि पोरगा किती खुशीत होता! मोठ्यांच्या कामात आपल्याला काहीतरी महत्त्वाचं दिलंय, या खुशीत. मीही तार पिळून झाल्यावर पकड खिशात घालून तसाच उभा राहिलो होतो. कारागीर!

त्या दिवशी मागे एक स्कूटरवाला होता. एकटा. त्याने स्कूटर सोडून खड्ड्यात उडी मारली. ट्रॉलीची मागची बाजू रस्त्याला टेकली, घासत घासत गेली आणि स्कूटरवर जाऊन थांबली. फाळका उघडून आमचं घर रस्त्यावर पसरलं. तो माणूस चिखलाने भरून वर आला, एका पायात चप्पल, हात थरथरत होते. रस्त्यातली पिन त्याने उचलली. भोकात तारेचा एक पीळ अजून तसाच होता, माझ्या हातचा, छान एकसारखा. त्याने तो बोटाने फिरवून बघितला.

"ही तार कोणी लावली?"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मी."

त्याने काकांच्या थोबाडीत मारली. काकांनी मान खाली घातली आणि त्याची स्कूटर उचलायला गेले. मी मडगार्डजवळ उभा होतो, पकड खिशात. काही बोललो नाही.