गाय दान करायचीये, पावती मिळेल ना?

आज सकाळी परिपाठ चालू असताना फोन थरथरत होता, मधल्या सुट्टीत बघितलं तर एकाच नंबरचे सहा मिस्ड कॉल. लावला परत. "मॅडम, तुम्ही जनावरांचं बघता ना? आमची एक गाय दान करायचीये." दान म्हणजे कसं म्हटलं. तर जर्सी आहे, तीन वेतं झाली, आता दोनदा भरवली तरी गाभण राहीना, गोठ्यात जागा करायचीये. आणि वर काय, "वडलांचं वर्षश्राद्ध आहे, तर गोशाळेत सोडताना फोटो नीट काढता येईल ना? पावती पण मिळेल ना?"

मी फोन कट केला. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, वह्या तपासायच्या पडल्यात आणि मी हे टाइप करतेय.

दान म्हणे! दूध देत होती तोवर गोठ्याची लक्ष्मी, दूध आटलं की दान. नको झालेलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधून यायचं आणि पुण्य आपल्या खात्यावर.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना २०२४ चा उन्हाळा आठवत असेल, तुम्हीच चाऱ्याला पैसे पाठवले होते. नवीन लोकांसाठी सांगते. आमच्या भागातली एक मोठी गोशाळा बसली आणि तिथल्या जनावरांना घरं शोधायचं काम आपल्या ग्रुपवर आलं. नाव घेणार नाही, चालवणाऱ्या अण्णांना मी चोर म्हणणार नाही, कारण ते चोर नव्हतेच, त्यांचा एकच गुन्हा की त्या माणसाने आयुष्यात कुणाला "नाही" म्हटलं नाही. कुणी टेम्पो घेऊन आलं, घ्या आत. पोलिसांनी पकडलेली गाडी आली, घ्या आत. दारात रात्री कुणी बांधून गेलं, तेही आत. रजिस्टरला २१४ जनावरं आणि आम्ही मोजली तेव्हा १८७, मधली कुठे गेली ते मागच्या ओढ्याच्या वासावरून कळत होतं. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला, कडबा शेकडा अडीच हजाराच्या वर, विहिरीला तळ, टँकरवाल्याची उधारी, दोन गडी पगार नाही म्हणून निघून गेले, आणि अण्णा बायपास करून आलेले, खाटेवर बसून नुसते बघत होते.

तिथे पहिल्या दिवशी मी पाव्हण्याला बघितलं.

उसाचं वाडं टाकल्यावर सगळी जनावरं गव्हाणीवर तुटून पडली, हाडाला हाड घासत होतं, आणि हा एकटा गेटला तोंड करून उभा. म्हातारा खिल्लार बैल, एक शिंग मुळातून मोडलेलं. दुसऱ्या शिंगाला हिंगूळ, म्हणजे लाल रंग, उरलेला, खाली बेगडाची एक चिकटपट्टी. म्हणजे कुणीतरी बेंदराला, आमच्याकडच्या पोळ्याला, त्याला नटवला होता, पुरणपोळी चारली होती, ओवाळलं होतं, आणि मग आणून सोडला. निघायची वाट बघत असल्यासारखा रोज तिथेच उभा राहायचा म्हणून आमच्या पोरांनी नाव ठेवलं पाव्हणा. ते शिंग बघून मला इतका संताप आला होता ना, आजचा त्याच्यापुढे काहीच नाही.

आता लगेच कुणीतरी लिहील की सगळ्याच गोशाळा अशा नसतात. नसतात, मान्य. पुढे.

लोकांना वाटतं पैसा आला की सुटलं. जयपूरची हिंगोनिया गोशाळा तर महापालिकेची होती, ८ हजारांच्या वर जनावरं. २०१६ ला पगार थकले म्हणून कामगार संपावर गेले, वरून धो धो पाऊस, शेण काढायला कुणी नाही, त्या चिखलात रुतून शेकड्यांनी गायी मेल्या. अन्न होतं की नव्हतं हा पुढचा प्रश्न, बसलेल्या जनावराला कूस बदलून द्यायला माणूस लागतो! आणि हे आपल्याकडेच होतं असंही नाही, अमेरिकेत मोंटानात २०१० च्या हिवाळ्यात अशीच एक मोठी सँक्चुअरी, म्हणजे जनावरांचा आश्रम, बसली, हजाराच्या आसपास जनावरं, त्यातले शेकडो लामा (उंटाच्या कुळातलं जनावर), ऐन थंडीत कुठकुठल्या लोकांनी ट्रेलर आणून ती घरोघर पोचवली. तिकडे गोमाता नाही आणि श्राद्धाची पावती नाही, तरी गोष्ट तीच. घ्यायचं थांबवायला कुणाची जीभ रेटत नाही.

घरं शोधायची म्हणजे काय हे रीलमध्ये दाखवत नाहीत. गायी आणि कालवडी दहा दिवसांत गेल्या. प्रत्येकाचा पहिला प्रश्न "दूध किती देते?" जर्सीचे गोऱ्हे कुणी फुकट नेईना. बैल तर विचारूच नका, ट्रॅक्टर आलाय, कामाला नको, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून म्हातारा बैल बाजारातही जात नाही. (कायद्यावर इथे भांडू नका, प्लीज, मी ब्लॉक करेन.) सरकारने २०२४ ला देशी गायीला राज्यमाता म्हणून जाहीर केलं आणि दिवसाला ५० रुपये अनुदान ठेवलं तेसुद्धा गोशाळेतल्या देशी गायीलाच. पाव्हण्याने काय खायचं?

आम्ही ठरवलं होतं, एका घरी दोनच्या वर द्यायची नाहीत, आधी जाऊन गोठा आणि पाणी बघायचं, मगच गाडी. लोक चिडायचे. "फुकट घेतोय ना, मग चौकशा कशाला?" चौकशा यासाठी की परत सहा महिन्यांनी तेच जनावर तिसऱ्या गोशाळेच्या दारात नको.

आणि तो गाडीचा किस्सा, शंभरदा सांगितलाय तरी परत सांगते. उन्हामुळे रात्री नेत होतो, डॉक्टरांचे दाखले, पत्र, सगळं फाइलमध्ये. एक वाजता नाक्याच्या पुढे गोरक्षक पोरांनी गाडी अडवली. आठ-दहा जण, बाइक आडव्या. ड्रायव्हर थरथरायला लागला. मी उतरले, कागद दाखवले, कागद कोण वाचतंय. "ताई, जनावरं उतरवा, आम्ही गोशाळेत जमा करतो." म्हटलं कुठल्या? तर त्याने नाव घेतलं अण्णांच्याच गोशाळेचं. मला हसू आवरेना, रस्त्यात उभी राहून हसतेय आणि डोळ्यात पाणी. म्हटलं दादा, तिथूनच आणतेय, तुम्ही गेल्या वर्षी जमा केलेली पण यातच असतील, बघा ओळखू येतात का. एकदम गप्प. त्यातल्या एकाने नंतर दोन बादल्या पाणी आणून जनावरांना पाजलं, तेही सांगायला हवं. पण परत कधी चारा घेऊन कुणी आलं नाही.

मला राहून राहून २०१२-१३ च्या दुष्काळातल्या चारा छावण्या आठवतात. मी तेव्हा नवीन नोकरीला होते. माणदेशात माळावर हजारो जनावरं, पण प्रत्येकाच्या शेजारी त्याचं माणूस होतं. बाया तिथेच चूल मांडायच्या, म्हातारे दाव्याला डोकं लावून झोपायचे, आणि पाऊस पडल्यावर ज्याने त्याने आपापलं जनावर घरी नेलं. छावणीतली म्हैस आजारी पडली तर रात्री दोनला कळायचं. आमच्या गोशाळेत मेलेलं सकाळी कळायचं.

बरं, पाव्हणा. सगळ्यात शेवटी तोच राहिला. त्याच्या कानातला सरकारी नोंदणीचा पिवळा बिल्ला अर्धा फाटलेला, पण १२ आकडे वाचता येत होते. आमच्या डॉक्टरांनी शोध लावला, जवळच्याच गावचा निघाला. मी तिथे भांडायलाच गेले होते, खरं सांगते, वाटेत वाक्यं पाठ केली होती.

म्हातारा ओट्यावर बसला होता. मोडक्या शिंगाचा बैल म्हटल्यावर उठून उभा राहिला आणि पहिलं काय विचारलं माहितीये? "खांदा बरा झाला का त्याचा?"

माझी सगळी वाक्यं गेली.

बायको गेलेली, पोरगा पुण्यात कंपनीत, दीड एकर कोरडवाहू, कडब्याला पैसे नाहीत. "इकता येईना, पोसता येईना. म्हटलं अण्णांकडं खाऊन तरी मरंल." हिंगूळ त्यानेच लावला होता. बेंदराचा, आणि दोन महिन्यांनी सोडला.

मी तुम्हाला त्या माणसावर चिडायला सांगू शकत नाही. मलाच जमलं नाही.

पाव्हण्याला घर मिळालं कोरेगावकडे, कॅनॉलखालची चार एकर, नवरा-बायको दोघंच, सहा महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे आपल्या ग्रुपने द्यायचे ठरले. पण तो काही गाडीत चढेना. चार जण शेपटी पिरगाळतायत, ढकलतायत, हा पाय रोवून उभा. शेवटी त्या म्हाताऱ्याला मोटारसायकलवर घेऊन आले. त्याने काही केलं नाही ओ, नुसता मानेवरून हात फिरवला, खांद्याची जखम बोटाने चाचपली आणि स्वतः फळीवरून गाडीत चढला. मागून पाव्हणा चढला. म्हाताऱ्याला मग कोरेगावपर्यंत न्यावंच लागलं, गाडीत उभं राहून गेला तो, सत्तरीचा माणूस.

अजून आहे पाव्हणा. दिवाळीत जाऊन आले. आता गेटला तोंड करून उभा नसतो, पण दुपारी मोटारसायकलचा आवाज आला की मान वर करतो, असं त्या वहिनी म्हणाल्या.

एवढं टाइप करता करता माझा राग कुठल्या कुठे गेला आणि आता वाईट वाटतंय की त्या सकाळच्या माणसाचं मी नीट ऐकून पण घेतलं नाही. फोटोचं बोलला ते चुकलंच त्याचं. पण सहा वेळा फोन केला, गुपचूप कुणाच्या दारात बांधून नाही आला, हेही आहेच. आणि जर्सी दोनदा भरवून राहिली नाही म्हणजे ती भाकडच, असं कुणी सांगितलं? गर्भाशय तपासलंय का, मिनरल मिक्श्चर देतो का, काहीच विचारलं नाही मी.

उद्या मधल्या सुट्टीत त्याला फोन लावते. रविवारी डॉक्टरांना घेऊन जाऊन गाय बघून येऊ. गाडी कुणाची रिकामी असेल तर सांगा, माझ्या स्कूटीचा टायर बसलाय.