सीट म्हणजे फर्निचर नव्हे

बिझनेस जेटमध्ये शिरल्यावर लोकांची नजर लेदरवर जाते, माझी सीटखाली. विमानांच्या देखभालीत इतकी वर्षं काढल्यावर सवयच लागते. गुडघे टेकायचे, टॉर्च मारायची आणि सीटचा पाय जमिनीवरच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे धातूच्या रुळात, बसतो तिथली लॉक पिन पूर्ण शिरली आहे का, ते बोटाने चाचपायचं.

सीटच्या तपासणीचा सक्तीचा आदेश आला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "सीटच तर आहे, इंजिन थोडंच आहे! पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." मला याचा मनापासून राग येतो. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे विमान-सुरक्षा नियामकाचा हा आदेश, ही विनंती नसते. दिलेल्या मुदतीत ते काम झालं नाही, तर विमान उडवायचं नाही.

1988 पासून अमेरिकेतल्या नव्या डिझाइनच्या जेटना सीटची 16 जीची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट धक्क्याची, चाचणी लागू झाली. 80 किलोच्या माणसाचा भार त्या क्षणी 1,280 किलो होतो. आपटल्यावर विमानाची जमीनही वाकते, म्हणून चाचणीआधी सीटचे ट्रॅक मुद्दाम 10 अंशांनी वाकवतात. पण ही सगळी परीक्षा पाठ सरळ आणि सगळी लॉक बसलेली असतानाची. बिझनेस जेटची सीट तर गोल फिरते, सरकते, आडवी होऊन पलंग बनते. जितक्या हालचाली, तितके सांधे, तितक्या केबल आणि तितकी झीज. लॉक अर्धवट बसलं असेल, तर चाचणीत पास झाली ती सीट वेगळी आणि प्रवासी बसलाय ती वेगळी.

एकदा नवंकोरं लेदर चढवून आलेली सीट पाहिली. हँडल झकास चालत होतं. खाली मात्र केबल सैल पडलेली, एक पिन जेमतेम टोकावर अडकलेली. मी "वापरू नये"ची पट्टी लावली. मालकाच्या माणसाने आवाज चढवला, चार पाहुणे यायचे होते त्यांचे. पट्टी काढली नाही.

"आमचं विमान उडतंच किती?" असंही विचारतात. ट्रॅकमध्ये सांडलेली कॉफी आणि ओल उड्डाणाचे तास मोजत बसत नाहीत, उभ्या विमानातही धातू खात राहतात. म्हणून माझं ठाम मत आहे की सीटच्या तपासणीला तासांबरोबर महिन्यांचीही मर्यादा हवी. आणि लेदर बदलायला सीट उघडलीच आहे, तर सांगाडा, वेल्डिंग, बेल्टचे बोल्ट तपासल्याशिवाय ती परत बसवायची नाही. हेसुद्धा सक्तीचंच करा.